शकुबाईंच्या उशाशी तांब्या

शकुबाई पगारेंच्या चष्म्याला म्हणायला नंबर होता, पण चष्मा नसता तरी त्यांचं काही अडलं नसतं. सुईत दोरा ओवायचा झाला की त्या तो कपाळावर सरकवायच्या. गुडघ्याला बांधायचा पट्टा कपाटाच्या खालच्या खणात पडून होता, आवरणसुद्धा न काढलेला. कंबरेच्या तेलाच्या बाटल्या होत्या, पित्ताच्या गोळ्या होत्या, झोप लागावी म्हणून सुनेने पाठवलेलं कसलंसं चूर्ण होतं. घरच्यांनी शकुबाईंच्या एकेका अवयवावर मनापासून इलाज केले होते. जिथे खरोखर दुखत होतं, तेवढी एक जागा सोडून. कारण ती जागा शकुबाईंनी कुणाला सांगितलीच नव्हती.

नाशिकरोडला, जेलरोडच्या एका कॉलनीत त्यांचं बैठं घर. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि अंगण म्हणावं एवढ्याशा जागेत मोगऱ्याची कुंडी. नवरा मल्हारी पगारे नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले, मुळातच कमी बोलणारे. मुलगा अश्विन आणि सून अंजली पुण्याला. दिवाळीच्या सुट्टीत आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला घर भरायचं, मग पुन्हा दोघांचे दोन कप ओट्यावर.

शकुबाईंचं माहेर येवल्याकडचं, त्यामुळे पैठणी हाताळायची सवय लहानपणापासूनची. लग्नानंतर त्यांनी पायमशीन घेतलं आणि साड्यांना फॉल-पिको करायला लागल्या. त्यांनी लावलेला फॉल आतून आहे हे बाहेरून कळायचं नाही. एक सुरकुती नाही, टाका दिसायचा नाही. लग्नसराईत पार उपनगर नाक्यापासून बायका यायच्या, "शकुबाईंकडेच द्या बाई, दुसरीकडे काठ ओढला जातो" म्हणायच्या. ते मशीनही आता झाकून ठेवलेलं होतं. वर टीव्हीचा रिमोट आणि मल्हारींच्या गोळ्यांचा डबा.

पाळी गेली तेव्हा शकुबाईंना आनंदच झाला होता. आता बुद्धविहारात जाताना पांढरी साडी बिनघोर नेसता येईल, हा पहिला विचार. पौर्णिमेला, जयंतीला, वर्षावासात सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत बसतात, आणि इतकी वर्षं शकुबाई दर वेळी मनात दिवस मोजून मग कपाटाला हात घालायच्या. त्यांनी हौसेने निळ्या काठाच्या दोन नव्या साड्या घेतल्या होत्या.

पुढच्या दोन-तीन वर्षांत कधीतरी खाज सुरू झाली. आधी वाटलं, उकाड्याने असेल. मग वाटलं, आपणच स्वच्छता कमी ठेवतो. म्हणून त्यांनी तुरटीचं पाणी घेतलं, कडुनिंबाचा पाला उकळला, जंतुनाशक घालून धुतलं. जितकं धुवावं तितकं भाजल्यासारखं व्हायचं. कातडीला बारीक चिरा पडायच्या आणि लघवीला बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं. म्हणून त्यांनी पाणी पिणं कमी केलं. मशीनवर बसून पाय हलवला की कपड्याचं घर्षण सोसेना, म्हणून शिवण बंद केलं आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, "डोळ्याला दिसत नाही हो आता."

अश्विन धावत आला, डोळे तपासून चष्मा करून गेला. "आई, आता घाल दोरा!" म्हणाला. शकुबाईंनी चष्मा लावला, दोरा घातला, आणि मशीन झाकलं.

विहाराचं झालं ते तर अगदी भर माणसांत. एका पौर्णिमेला त्या मांडी घालून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. वंदना संपली, सगळ्या उठल्या, आणि मागून गयाबाई दोंदेंनी त्यांचा पदर ओढून मागे पसरला. गयाबाई महिला मंडळाच्या अध्यक्षा, मनाने चांगल्या, पण आवाज माइक नसतानाही शेवटपर्यंत जाणारा.

"अगं शकू, डाग! अजून तुझं चालूच का? आमच्या कधीच सुट्ट्या झाल्या, आणि ही बघा तरणी!"

बायका हसल्या. त्यात वाकडं काहीच नव्हतं, शकुबाईसुद्धा हसल्या. चीर फाटून रक्त आलं होतं, बोटभर. घरी येऊन त्यांनी साडी थंड पाण्यात धुतली, वाळवली, घडी घालून ठेवली आणि पुन्हा नेसल्या नाहीत. मंडळाला कळवलं, गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. मग गुडघ्याचा पट्टा आला.

मल्हारींना त्यांनी काहीच कारण दिलं नाही. तिथे कुठला अवयव सांगणार? मागच्या खोलीतल्या पलंगावर ते इतकी वर्षं शेजारी झोपत आले होते. त्यांचा हात खांद्यावर आला की शकुबाई कुशीवर वळायच्या. "उकडतंय," म्हणायच्या. थंडीतसुद्धा एकदा तोंडातून "उकडतंय" गेलं, आणि मल्हारींनी हात काढून घेतला. थोड्या दिवसांनी ते म्हणाले, "बाहेरच्या खोलीतला पंखा जोरात आहे, मी दिवाणावर टेकतो." शकुबाई म्हणाल्या, "बरं." त्यांना सुटल्यासारखं वाटलं, पण मल्हारींची उशी त्यांनी पलंगावरच राहू दिली.

दिवाणावर जाण्याआधी मल्हारी रोज एक काम न चुकता करायचे. माठातून तांब्या भरून, वर फुलपात्र झाकून शकुबाईंच्या उशाशी ठेवायचे. लग्नानंतर कधीतरी शकुबाईंना ताप आला होता तेव्हापासूनची ती रीत. शकुबाई आता त्यातला घोटभरसुद्धा घेत नसत. पहाटे उठून मल्हारी फिरायला गेले की तांब्या मोगऱ्याच्या कुंडीत रिकामा करायच्या. मोगरा असा फुलायचा, की शेजारणी कलमं मागायच्या.

एकदा दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी मल्हारींचा दाढीचा आरसा घेतला आणि स्वतःकडे बघितलं. कातडी पांढरी झालेली, कागदासारखी, जुन्या साडीचा काठ विरतो तशी. हे कोड, त्यांना वाटलं. मग वाटलं कॅन्सर. आणि काहीही असलं तरी आपल्यामुळे ह्यांना लागेल. आरसा त्यांनी साबणाने धुऊन जागेवर ठेवला.

असं करत सहा-सात वर्षं गेली.

यंदा जयंतीच्या आठवड्यात विहाराशेजारच्या हॉलमध्ये आरोग्य शिबिर होतं. शकुबाई बीपी बघायला म्हणून गेल्या. आत पडद्यामागे एक लहानखुरी डॉक्टरीण बसली होती, डोक्यावर ओढणी, डॉ. खुशनुमा. मालेगावची मुलगी, द्वारका चौकापलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात कातडीच्या रोगांचं शिकत होती. पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईला ती एक प्रश्न विचारत होती, भाजीचा भाव विचारावा इतक्या सहज.

"मावशी, खाली खाज, जळजळ, कातडी पांढरी पडणं, असं काही?"

शकुबाईंच्या कानशिलांत गरम झालं. इतक्या वर्षांत हे शब्द त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

"छे, नाही बाई," त्या म्हणाल्या.

"असलं तर मंगळवारी या. मी असते," ती म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली.

दोन मंगळवार गेले. तिसऱ्या मंगळवारी शकुबाई शेजारणीसाठी अस्तराचं कापड आणायला जाते सांगून बसमध्ये बसल्या. केसपेपरच्या खिडकीपाशी मोठी रांग, पुढेमागे पुरुष. आतला माणूस ओरडून विचारत होता, "काय त्रास आहे, आजी?"

शकुबाईंनी मागे बघितलं, पुढे बघितलं. "हाताला खाज सुटते."

मग पुढचं सगळं हाताचंच झालं. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एका तरुण डॉक्टराने त्यांचे तळवे उलटसुलट बघितले, भांड्यांची पावडर बदला म्हणाला आणि मलम लिहून दिलं. शकुबाई मलमाची ट्यूब घेऊन घरी आल्या.

मल्हारींनी ट्यूब बघितली. "आता हातपण?" म्हणाले. त्या दिवसापासून संध्याकाळी चहा झाला की ते स्वतः समोर बसायचे, ट्यूबमधून हरभऱ्याएवढं मलम काढायचे आणि शकुबाईंच्या तळहातांना हळूहळू चोळायचे. त्यांची बोटं खरखरीत होती. किती दिवसांनी ती बोटं लागत होती, आणि तीही दुखत नसलेल्या ठिकाणी.

"हात तर चांगले दिसतात गं तुझे," एका संध्याकाळी ते म्हणाले.

"हं," शकुबाई म्हणाल्या, आणि भांडी घासायला उठून गेल्या. नळ सोडून त्या बराच वेळ नुसत्याच उभ्या होत्या.

पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा गेल्या. ह्या वेळी रांगेत शिरण्याआधी त्यांनी दारावरच्या सिस्टरला गाठलं. "शिबिरातल्या मॅडम, ओढणीवाल्या. मला त्यांनाच दाखवायचंय. दुसऱ्या कुणाला नाही."

डॉ. खुशनुमाने त्यांना ओळखलं नाही, पण तिने दार लावलं, पडदा ओढला, हात धुतले, आणि विचारूनच तपासलं. शकुबाई छताकडे बघत होत्या. छतावर पाण्याचा डाग होता, बैलाच्या तोंडासारखा.

"मावशी, कधीपासून?"

"झाली वर्षं."

"कुणाला बोलला नाहीत?"

शकुबाईंनी मान हलवली.

डॉक्टरीण म्हणाली, "हे कोड नाही. घाण राहिली म्हणूनही झालेलं नाही. पाळी गेल्यावर कातडीचा असा एक आजार होतो काही बायकांना. पण एका बाजूला मला जरा जाड लागतंय, ते सोडून देता येणार नाही. पुढच्या मंगळवारी आपण त्या जागेची सोनोग्राफी करू. कुठे खोलवर गेलंय ते बघू, आणि तिथलाच बारीक तुकडा तपासायला पाठवू. तुरटी-बिरटी आजपासून बंद."

'तुकडा' हा शब्द शकुबाईंनी घरी नेला. आठवडाभर त्या डबे पुसत होत्या. कुठल्या डब्यात तूरडाळ, कुठल्यात मूग, हे मल्हारींना दाखवून ठेवलं. भाताला पाणी किती, तेही सांगितलं.

"कुठे चाललीस का तू?" मल्हारींनी विचारलं.

"मी कुठे जाते!"

सोनोग्राफीचं मात्र शकुबाईंना नीट माहीत होतं. सुनेला दिवस गेले तेव्हा त्या तिच्याबरोबर तीनदा गेल्या होत्या. सोनोग्राफी म्हणजे पोटभर पाणी प्यायचं आणि दाबून धरायचं, हे कुणाही बाईला वेगळं सांगावं लागत नाही. ज्या बाईने इतकी वर्षं पेलाभर पाणी एका वेळी घेतलं नव्हतं, तिने त्या सकाळी बाटली तोंडाला लावली आणि संपवली. पुन्हा अस्तराचंच निमित्त सांगून निघाल्या आणि दुसरी बसमध्ये संपवली. द्वारकेच्या चौकात बस अडकली. ट्रक, रिक्षा, हॉर्न, कुणी कुणाला वाट देईना. शकुबाई समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरून, ओठ आवळून बसल्या होत्या.

हॉस्पिटलातल्या बाकावर शेजारी एक बुरख्यातली बाई अशीच पाय जुळवून, पुढेमागे झुलत बसली होती. दोघींची नजरानजर झाली.

"सोनोग्राफी?" त्या बाईने विचारलं.

"हो ना."

"मीपण. दोन बाटल्या ढोसल्यात. आता नाव पुकारलं नाही तर इथेच तळं होईल बघा, बाजी." ताईला बाजी म्हणणारी ती बाई मालेगावची, माजिदा. पहाटेच निघाली होती. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "खालची?"

शकुबाईंनी आधी आजूबाजूला बघितलं. मग त्यांनी मान डोलावली.

"मुलगा सोडून गेला बाहेर. त्याला सांगितलंय, पायाला खाज आहे. तुम्ही काय सांगितलंत?"

"हाताला," शकुबाई म्हणाल्या. "मालक रोज मलम लावतात."

"हाताला?"

"हाताला."

माजिदाला हसू फुटलं. हसायची दोघींनाही चोरी, कारण हसलं की पाणी राहीना. "या अल्ला, नका हसवू," ती पोट धरून म्हणाली. शकुबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि मग राहवलंच नाही, त्या उठल्या आणि कोपऱ्यातल्या बाथरूमकडे धावल्या. तिथे भिंतीला हात टेकून, दात आवळून त्यांनी ती जळजळ सोसली. डोळे पुसून बाहेर आल्या तर माजिदाचा नंबर लागला होता, ती आत गेली होती. पुन्हा ती दिसली नाही.

शकुबाईंनी नळावर बाटली भरली आणि पुन्हा प्यायला सुरुवात केली. तेवढ्यात त्यांचं नाव आलं.

"मॅडम, थोडं थांबा," दारातच त्या म्हणाल्या. "पाणी गेलं सगळं. पुन्हा पितेय."

"पाणी? कशाला?"

"सोनोग्राफीला."

डॉ. खुशनुमाने कपाळावर हात मारला. "अहो मावशी! ही कातडीची सोनोग्राफी. पोटातलं नाही बघायचं, वरचं, तांदळाच्या दाण्याएवढं खोल. सांगायला हवं होतं मी. आताच एक आजी अशाच आल्या होत्या." ती हसली, मग तिचं हसणं थांबलं. शकुबाईंच्या सुकलेल्या ओठांकडे ती बघत होती. "रोज किती पिता पाणी?"

शकुबाई बाटलीचं झाकण लावत राहिल्या. झाकण आट्यांत बसेना.

"नाही पीत," त्या म्हणाल्या.

आणि मग सगळंच निघालं. क्रमाने नाही, कुठूनही कुठेही. चष्मा, गुडघे, पांढरी साडी, झाकलेलं मशीन, दिवाण, हाताचं मलम. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, सिस्टरने "थांबा" म्हणून सांगितलं.

थंडगार जेली लागली. पेनाएवढं यंत्र हळूच टेकलं. चिरांवर बरंच वाटलं त्या थंडाव्याने. डॉक्टरिणीने पडदा शकुबाईंकडे वळवला.

"ही बघा, वरची पांढरी रेघ, ती वरची कातडी. तिच्या खाली काळपट पट्टा दिसतो? तो नसायला हवा. आजार म्हणजे तोच."

काळ्या-करड्या ठिपक्यांत शकुबाईंना आधी काही कळेना. मग एकदम दिसलं.

"फॉल लावल्यासारखं दिसतंय."

"काय?"

"साडीच्या काठाला आतून फॉल नाही का लावत? बाहेरून कळत नाही, पण आत पट्टी असते. तसं."

डॉक्टरीण पडद्याकडे बघत राहिली. "तस्संच आहे की. इकडे अरुंद आहे, आणि इथे बघा, रुंद झालाय. इथलाच तुकडा घेऊ. एकट्या ह्या चित्रावर नाव ठरवत नाही आम्ही, तुकडा बघावाच लागतो. पण कुठून घ्यायचा ते कळलं, आणि औषधाने पट्टा कमी होतोय का तेही पुढे ह्याच्यावर बघता येईल."

बधिर करायचं इंजेक्शन तेवढं दुखलं. तिळाएवढा तुकडा बाटलीत गेला. आणि जी जागा शकुबाईंनी स्वतःसुद्धा एकदाच, आरशात बघितली होती, ती आणखी कुणीतरी बघितली होती आणि तोंड फिरवलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून त्या तेवढ्याचाच विचार करत राहिल्या.

रिपोर्ट यायचे दिवस त्यांनी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. मल्हारी संध्याकाळी हाताला मलम लावायचे. शकुबाई हात पुढे करायच्या.

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नव्हता. लायकेन स्क्लेरोसस असं आजाराचं नाव, शकुबाईंच्या जिभेवर ते बसलं नाही. आजार पुरता जात नाही, पण आवरता येतो, असं डॉक्टरिणीने सांगितलं. रोज रात्री बोटाच्या पेरावर मावेल तेवढंच मलम, मग हळूहळू कमी, दर काही महिन्यांनी तपासणी, आणि ती चुकवायची नाही.

"आणि हे कुणाला लागत नाही, मावशी. काकांनाही नाही."

शकुबाई उठता उठता पुन्हा खुर्चीत बसल्या. "अजिबात नाही?"

"अजिबात नाही. काकांना सांगितलंय का?"

"त्यांना काय सांगायचं?"

"ते रोज मलम लावतात म्हणालात ना," डॉक्टरीण एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी जेवणं झाली, बातम्या झाल्या. मल्हारी तांब्या भरून मागच्या खोलीत आले.

"अहो, जरा बसा ना," शकुबाई म्हणाल्या.

ते तांब्या हातात घेऊन तसेच उभे राहिले. "काय झालं?"

"माझे डोळे चांगले आहेत."

"बरं."

"गुडघेपण. हातसुद्धा."

मल्हारी पलंगावर नाही, शेजारच्या लोखंडी पेटीवर बसले. शकुबाईंनी सांगितलं. डॉक्टरिणीला सांगितलं त्याहून खूप थोडक्यात, भिंतीकडे बघून. जागा कुठली, आजार कसला, आणि तो त्यांना लागेल असं आपल्याला वाटत होतं, हे.

"कॅन्सर?" मल्हारींनी विचारलं.

"नाही. तुकडा काढून बघितला. नाही म्हणाले."

"तुकडा काढला? कधी?"

"अस्तर आणायला गेले होते ना मागे."

"एकटी?"

"एकटीच."

"तसंच बसने आलीस?"

"बसनेच."

मल्हारी तांब्याच्या गळ्यावरून अंगठा फिरवत होते. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कुणीतरी भांडत होतं.

"मला वाटायचं, माझ्या हातचं पाणीसुद्धा तुला नकोसं झालंय," ते म्हणाले.

शकुबाईंनी वळून बघितलं.

"मोगऱ्यात ओततेस ते. पहिल्याच उन्हाळ्यात बघितलं मी. काठी विसरलो म्हणून परत आलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कुठे बोलत होतीस?"

"आणि तरी रोज भरून ठेवत होतात?"

"भरायचं काम माझं," मल्हारी म्हणाले. "प्यायचं तुझं."

शकुबाईंना वाटलं, आता ते इथे येऊन बसतील. ते उठले, तांब्या रोजच्या जागी ठेवला, फुलपात्र झाकलं, आणि रोजच्यासारखं मधलं दार ओढून बाहेर गेले. टीव्ही बंद झाला. दिवाण करकरला. इतक्या वर्षांची सवय एका संध्याकाळी मोडत नाही, हे शकुबाईंना कळत होतं. कळत होतं तरी पलंगाची पलीकडची बाजू त्या दिवशी फारच रुंद वाटली. त्या उठून बसल्या आणि फुलपात्रभर पाणी प्यायल्या. मग आणखी एक. सकाळी तांब्या रिकामा होता.

आठ-दहा दिवसांत मोगऱ्याची पानं मलूल झाली. वैशाखाचं ऊन, आणि त्याला पाणी घालायचं असतं हे घरात कुणाच्या गावीच नव्हतं. त्याचं आपोआप व्हायचं. मल्हारींनी कुंडीत बोट घालून माती बघितली. कोरडी ठणठणीत. ते तसेच बोट वर धरून दारात आले.

"मोगरा सुकला गं."

"त्याचं पाणी मी प्यायला लागले ना," शकुबाई आतून म्हणाल्या.

मल्हारी पुन्हा कुंडीकडे वळले. पण त्यांचे खांदे हलले, आणि ते हसतायत की दुसरंच काही, हे शकुबाईंना पाठमोरं कळलं नाही.

पुढच्या तपासणीला ते बरोबर आले. बायकांच्या बाकावर अवघडून, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसले. आत पडद्यावर पट्टा बारीक झालेला दिसला. शकुबाई बाहेर आल्यावर त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या.

"फॉल बारीक झाला," शकुबाई म्हणाल्या. बसमध्ये त्यांना त्याचा अर्थ सांगावा लागला, हळू आवाजात, पुढच्या सीटवरच्यांना ऐकू जाणार नाही असा.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला त्यांनी निळ्या काठाची साडी काढली. घडीवर पिवळट रेषा पडल्या होत्या, त्या धुऊनही गेल्या नाहीत. विहारात त्या मागच्या रांगेत, भिंतीजवळ बसल्या. मांडी घालून. पुढची जागा आता दुसऱ्या कुणाची झाली होती.

"गुडघे बरे झाले वाटतं!" गयाबाई पुढून ओरडल्या.

"गुडघे कधी दुखतच नव्हते, गयाबाई," शकुबाई म्हणाल्या. "वंदना होऊ द्या. मग बाजूला या, सांगते."

मशीनवरचं झाकण अजून पूर्ण निघालेलं नाही, पण रिमोट आता दिवाणावर असतो. मल्हारी संध्याकाळी दोन तांबे भरतात. एक मोगऱ्याला घालतात, एक उशाशी ठेवतात, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पडतात. मधलं दार हल्ली कुणी लावत नाही.